पाठकोरी पानं

दिवाळी अंकाची करकरीत पानं नाकाशी नेली की मला हटकून आठवतो तो याहून अगदी निराळा वास, सायक्लोस्टाइलच्या शाईचा, तेलकट, उग्र, लालबागच्या एका युनियनच्या कचेरीतल्या विड्यांच्या धुरात आणि जिन्यावरून येणाऱ्या सुक्या बोंबलांच्या दरवळात मिसळलेला. साल १९७४. रात्री नऊनंतर आम्ही चौघं तिथे मराठी साहित्याचा पाया उखडायला जमत असू. शेवटची लोकल तेवढी चुकू द्यायची नाही.

दैवतं अर्थातच ठरलेली, सगळी लघुनियतकालिकं. पन्नाशीच्या दशकात कोलटकर-चित्रे मंडळींनी चालवलेला ‘शब्द’, अशोक शहाण्यांचं ‘असो’, मग ‘येरू’, ‘फक्त’, औरंगाबादेचं ‘वाचा’. यातले बरेचसे अंक आम्ही पाहिलेही नव्हते, पण नावं मात्र कुळाचार सांगावा तशी सांगायचो. ‘अनियतकालिक’ या शब्दाचं तर केवढं सुख, अंक चार महिने रखडला तरी ते धोरणच! राजा ढाल्यांनी १९६९ साली ‘सत्यकथा’ मासिकाची होळी केली तेव्हा मी शाळेत प्रमेयं घोकत होतो, तरी सांगताना धग गालाला लागल्यासारखी सांगे. एका प्रतिष्ठित मासिकाकडून साभार परत आलेल्या माझ्या दोन कविता तेव्हा गादीखाली होत्या, हे मित्रांना ठाऊक नव्हतं.

टंकयंत्राची फीत काढून मेणचट स्टेन्सिलवर टकटक करायची, ‘व’ आणि ‘ब’ यांची पोटं हमखास फाटून काळी व्हायची, चुकलं की त्यावर लाल औषध लावून फुंकर मारत बसायचं, आणि मग दांडा फिरवायचा, खटॅक-सर्र, खटॅक-सर्र, की ओलसर पान सरकत बाहेर यायचं, आणि माझी ‘शून्याचे जबडे’ ही कविता ‘शून्याचे जवडे’ होऊन अवतरायची. कागद विकत घ्यायला पैसे कुठले? कचेरीत उरलेली पत्रकं पाठकोरी असत, त्यांवरच आमचा विद्रोह छापायचा. पहिला अंक हाती घेऊन तिथले एक म्हातारे कामगार चष्मा सावरत बराच वेळ वाचत राहिले आणि म्हणाले, “झकास लिवलंय पोरांनो.” मी हरखलो. मग दिसलं, ते बोनसची मागणी वाचत होते.

आता भाचा फोनवर मासिक काढतो. ना शाई, ना टाचणीनं टोचलेली बोटं, आणि दूर नागपूर-न्यूजर्सीपर्यंत ते क्षणात पोचतं. त्याचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? परवा माळा आवरताना आमचा तो अंक सापडला. शाईभोवती तेलाची पिवळी वलयं पसरलीत, माझे शून्य-जवडे जवळजवळ पुसलेत. मागची बाजू मात्र अजून सुवाच्य आहे. महागाई भत्ता, बोनस, रजा. उभ्या उभ्या सगळं वाचून काढलं.