एकच जिवंत टाका

साहित्यातील विणणाऱ्या स्त्रियांच्या मनात काय चालले आहे, याचा विचार पुष्कळ झाला आहे; त्यांच्या हातात काय चालले आहे, याचा क्वचितच. डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मधील (१८५९) मादाम दफार्ज विणता विणता सूडाची यादी करते. पेनेलपी दिवसा मागावर विणलेले वस्त्र रात्री उसवते, ते लग्नाला उतावीळ झालेल्यांना थोपवण्यासाठी. मात्र या दोघींनाही दिवाळीच्या आत काही संपवायचे नव्हते. आम्हाला असते.

गणपती उठले की आमच्या घरी दोन पिशव्या शेजारी शेजारी येऊन बसतात. एकीत क्रोशाची सुई आणि सुती दोरे. त्यातून कोणाच्या बारशाचा ससा, कोणाच्या बोरन्हाणाचा हत्ती निघायचा असतो. (यंदाचा हत्ती काळा. संक्रांतीचा म्हणजे काळाच हवा, असा भाचीचा आग्रह.) दुसरीत लोकर आणि १० नंबरच्या सुया. या दोन पिशव्यांच्या मध्ये तासिका, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, दिवाळीचा फराळ आणि बाबांच्या औषधांच्या वेळा.

दोन्ही कामे विणण्याचीच, पण त्यांचा स्वभाव वेगळा. दोन सुयांच्या विणकामात ओळीतला प्रत्येक टाका जिवंत असतो. सुई निसटली तर सगळेच टाके उघडे पडतात आणि त्यातला एखादा शिडीसारखा खाली धावत सुटतो. म्हणून निदान ओळ तरी पुरी केल्याशिवाय उठता येत नाही. क्रोशात बहुधा एकच फास मोकळा असतो, बाकी सारे बांधले गेलेले. दाराची बेल वाजली की हत्ती अर्ध्या सोंडेवर सोडून उठावे. परत येऊन तिथूनच पुढे जावे. तुकड्यातुकड्यांनी वाट्याला येणाऱ्या दिवसाला हे काम मानवते.

अशा खेळण्यांना जपानीत अमिगुरुमी म्हणतात. ‘अमि’ म्हणजे विणलेले आणि ‘नुइगुरुमी’ म्हणजे आत भरून केलेली बाहुली. सहा मुक्या खांबांचे वर्तुळ, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. सहा सहा वाढवत राहिले की चकती, वाढवणे थांबवले की वाटी, सहा सहा कमी करत आणले की चेंडू. डोके असो वा पोट, अंकगणित तेच. आणि ‘मुका खांब’ हा शब्द प्रथम ज्या कोणाच्या तोंडी आला, त्या व्यक्तीला आमचा नमस्कार. परिभाषा समित्यांनीच घडवावी असे मानणाऱ्यांनी तो एकदा मोठ्याने उच्चारून पाहावा.

दुसऱ्या पिशवीत गेली तीन वर्षे आईचा स्वेटर आहे, म्हणजे आईने बाबांसाठी घातलेला. पाठ पुरी झालेली, पुढचा भाग काखेपर्यंत आलेला. तिथे सुया तशाच. आईचा हात घट्ट, आमचा सैल. त्याच सुया, तीच लोकर, तरी आमचे दहा टाके तिच्या अकरांइतकी जागा घेतात. पुढे विणला तर जोड दिसणार. सगळा उसवून नव्याने विणला तर एकसारखा होईल, पण मग तो तिचा राहणार नाही. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तो बाहेर निघे आणि दर वर्षी एखाद्या सशाचे काम निकडीचे ठरे. तीन वर्षांत तेवीस खेळणी झाली.

वर्गात हाच प्रश्न आम्ही निर्धास्तपणे शिकवत आलो आहोत. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने ‘कादंबरी’ हा शब्द घेतला, तो बाणभट्टाच्या हातून पुरा झाला नाही. उत्तरभाग त्याच्या मुलाने लिहिला. दोन हातांतला फरक दाखवणे हे अध्यापनाचे आवडते काम. त्या मुलाने लेखणी उचलली तेव्हा त्याला काय वाटले असेल, हा प्रश्न मात्र आम्ही परीक्षेत कधी घातला नाही. व्हर्जिनिया वूल्फची मिसेस रॅमसे दीपगृहाच्या रखवालदाराच्या आजारी मुलासाठी मोजा विणते, तो आपल्या मुलाच्या पायाला लावून पाहते, आणि अखेर मोजा पुरा व्हायचा नाही हे मान्य करते. ‘टू द लाइटहाउस’च्या (१९२७) कितीतरी चर्चा आम्ही ऐकल्या, त्या मोज्याच्या सुया पुढे कोणी हाती घेतल्या का, असे कोणी विचारलेले आठवत नाही.

यंदा थंडी लवकर पडली. बाबांना आम्ही स्वेटर दाखवला आणि जोडाची अडचण सांगितली. त्यांनी चष्मा पुसून कापड डोळ्यांजवळ धरले, आईच्या शेवटच्या ओळीवरून अंगठा फिरवला.

“गळा जरा उंच घे,” ते म्हणाले. “थंडी मानेलाच लागते.”

काखेपासून वर आता चौदा ओळी झाल्या आहेत. जोड दिसतो, उजेडात अधिक दिसतो. संक्रांत जवळ आली आणि हत्तीला अजून कान नाहीत, म्हणून दुपारी हत्ती आणि रात्री स्वेटर अशी वाटणी केली आहे. गळ्याचे टाके बाबांच्या मानेला लावून मोजायचे आहेत. ते झोपायच्या आत.