पुड्यावरची सांगली

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात गेले, तर हळद दिसण्याआधी तिचा वास येतो. अडत दुकानांपुढे पोत्यांच्या थप्प्या, सौद्यासाठी तोंड उघडून ठेवलेला माल, आणि मूळ रंग कोणता होता हे सांगता येऊ नये इतके पिवळे झालेले हमालांचे कपडे. जाणता खरेदीदार हळकुंड उचलतो, मोडतो आणि आतला रंग पाहतो. नुसत्या वरच्या झळाळीवर तो बोली लावीत नाही. याच हळकुंडाची पूड होऊन ती किरकोळ दुकानात जाते, तेव्हा मोडून पाहण्याची सोय संपते. गृहिणीच्या हाती येतो तो पुडा आणि पुड्यावर छापलेले नाव.

त्या नावातच थोडा गुंता आहे. सांगलीत विकली जाणारी सारी हळद सांगलीच्या मातीतली नसते. कृष्णा-वारणेच्या परिसरातली राजापुरी येथे येते, तशी कर्नाटकातलीही येते, मराठवाड्यातली आणि तेलंगणातलीही येते. पेठ मोठी झाली ती या आवकेमुळेच, आणि त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा बाजारातून गेलेला माल त्या मातीचा म्हणून विकला जातो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. १९९९ च्या कायद्याप्रमाणे असे मानांकन म्हणजे कोणीही उचलून पुड्यावर चिकटवावे असे चित्र नव्हे. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद व्हावी लागते. तरीही दूरच्या शहरांतील कपाटांत ‘सांगली’ आणि ‘राजापुरी’ हे शब्द सढळ हाताने वापरलेले दिसतात.

शहराबाहेर थोड्याच अंतरावर, कृष्णा-वारणेच्या संगमाशी हरिपूर आहे. ‘संगीत शारदा’कर गोविंद बल्लाळ देवलांचे हे गाव संगमेश्वराच्या देवळासाठी जितके ओळखले जाते, तितकेच हळदीच्या पेवांसाठी. अरुंद तोंडाचे आणि आत ऐसपैस पोटाचे हे खड्डे घट्ट मातीत खोल खणलेले असत. हळद भरून तोंड बुजवले की आत हवा खेळत नसे, त्यामुळे कीड जगत नसे आणि माल वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे; कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यावी लागे. या साठवणीत माल डोळ्यांआड असे. वर दिसे ती फक्त माती, आणि खाली काय आहे याची साक्ष एका वहीत. त्या वहीतली नोंद एकदा खोटी ठरली असती, तर संगमाकाठची सगळीच पेवे संशयास्पद झाली असती. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरले, आणि साठवण मुख्यतः गोदामांकडे व शीतगृहांकडे वळली. पुडा मात्र अजूनही एक लहानसे पेवच आहे.

त्यात काय घातले जाते, हा आता प्रश्न. पुडीला उठाव यावा म्हणून कृत्रिम रंग मिसळण्याची खोड जुनी आहे. मेटॅनिल यलो हा त्यातला एक. लेड क्रोमेट त्याहून वाईट, कारण त्यातले शिसे शरीरात साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घात करते. अन्नसुरक्षा कायद्याने हळदीच्या पुडीत बाहेरचा रंग घालण्यास पूर्ण मनाई आहे. परंतु येथे एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. ग्राहक भडक पिवळा रंग मागतो, हे कारण पुढे करणारे दुकानदार त्याला ती सवय आपल्याच जाहिरातीने लावतात. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकली, की शुद्ध पूड तळाशी बसताना पाण्याला फिकट पिवळा रंग देते. रंगवलेली असेल तर पाणी गडद होते. ही परीक्षा दुकानाच्या फळीवर, ग्राहकासमोर करून दाखवायला किती खर्च येतो?

बाकीच्या क्लृप्त्या हळदीपुरत्या नाहीत, सर्व छोट्या व्यापाराला लागलेल्या आहेत. छापील किंमत फुगवून निम्म्या दराची पाटी लावणे, आप्तेष्टांकडून पाच-पाच तारे लिहवून घेणे, लग्नपत्रिकांच्या यादीतून मोबाइल क्रमांक उचलून रोज सकाळी संदेश पाठवणे. ‘फक्त दोनच शिल्लक’ ही ऑनलाइन दुकानांतील खोटी घाई तर केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नाव घेऊन निषिद्ध ठरली आहे. हळदीच्या पुड्यावर कर्करोग किंवा मधुमेह बरा होण्याची ग्वाही छापणारा १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याच्या कक्षेत येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लहान पेढीला एवढा एक दंड पुरतो.

‘जैन’ हा शब्दही आता पुड्यावर विकला जातो. ओली हळद कंद म्हणून ज्या घरांत वर्ज्य आणि वाळलेली चालते, त्या घरांना मसाल्याच्या मिश्रणात नेमके काय आहे आणि ते कोणत्या यंत्रावर दळले हे जाणायचे असते. नुसत्या शब्दाने ते कळत नाही. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोट्या मापाच्या जोडीला ‘प्रतिरूपकव्यवहार’ सांगितला आहे, म्हणजे अस्सलाच्या जागी त्याच्यासारखे दिसणारे देणे. जाहिरातशास्त्राच्या पुष्कळ जाड पुस्तकांना हा एक शब्द भारी पडावा.

चांगली विक्री यापेक्षा फार निराळी नसते, फक्त संथ असते. दुकानात पुडीशेजारी अख्खी हळकुंडे परातीत मांडून ठेवावीत आणि मागेल त्याला एक मोडून दाखवावे. वर्षाची हळद भरणाऱ्या घरांना समोर दळून द्यावी. पुड्यावर कायद्याने मागितलेले वजन, दर, पत्ता आणि परवाना क्रमांक तर असावाच. शिवाय जात कोणती, कोणत्या भागातली आणि कोणत्या हंगामातली, हेही असावे. संदेश पाठवायचा तर ज्याने स्वतः क्रमांक दिला त्यालाच, आणि नवा माल आला तेव्हाच.

कठीण प्रसंग दिवाळीच्या आसपास येतो. हंगामातली राजापुरी संपत आलेली असते, ग्राहक नाव घेऊन तीच मागतो, आणि मागच्या गोदामात दुसऱ्या भागातली, कदाचित तितकीच चांगली हळद पडून असते. त्या वेळी जो दुकानदार दुसरा डबा काढून त्यावर वेगळी चिठ्ठी लावतो, त्याच्याकडून त्या दिवशी काही ग्राहक रिकाम्या हाती जातात. गल्ल्यात ती तूट दिसते. पुढच्या फाल्गुनात नवे हळकुंड आले की त्यांतले कितीजण परतले, हे मोजण्याचे यंत्र मात्र कोणत्याही जाहिरात कंपनीने अजून त्याला विकलेले नाही.