घाटात तेरा मिनिटं कमी झाली, त्याची नोंद

आज पिकाची नोंद नाही, स्वतःची आहे. पण उसाच्या खताशी तिचा संबंध आहे, म्हणून इथं लिहितोय.

तीन वर्षांपूर्वी रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 6.3 निघाली. 5.7 ते 6.4 म्हणजे उंबऱ्यावर, 6.5 झाली की मधुमेह घरात. आमच्या वडिलांचा पाय साखरेपायी गुडघ्याखाली काढावा लागला होता. शेवटची चार वर्षं ते ओट्यावर बसून नुसते रानाकडं बघायचे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

डॉक्टरांना म्हणालो, "अहो, दिवसभर रानात असतो की!" ते म्हणाले, "चालता किती?" हिशेब केला. नांगरट ट्रॅक्टरनं, फवारणी बॅटरीच्या पंपानं, ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायला बांधापर्यंत गाडीवर. काय सांगणार?

ईसीजी काढून घेतला, दोन महिने चाललो आणि मग पळायला लागलो. चुलतभाऊ म्हणाला, "आबा, कुत्रं मागं लागलंय का?" हसू दिलं. त्या वर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलं. 21 किलोमीटरला थोडं वर, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि उतरायचा. वेळ लागली 2 तास 41 मिनिटं. शेवटी चालतच आलो, पण आलो.

पुढच्या वर्षी हाव सुटली. रोज तेच 6 किलोमीटर आणि रोज कालच्यापेक्षा जोरात. वही काढून बघितली तर 38 मिनिटं, 37, 35 असं लिहिलंय. पुढं आकडा हलायचाच बंद झाला. जुलैत नडगी दुखायला लागली. रात्रीची लाइट असली की उसाला पाणी पाजून तसाच पहाटे पळायचो. त्या वर्षी घाटात 2 तास 44. एवढं करून तीन मिनिटं जास्तच! घरची म्हणाली, "अहो, बरं व्हायला पळताय का आजारी पडायला?"

आमच्या रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं सराव करतात. त्यातला एक जण म्हणाला, "काका, तुम्ही रोज शर्यतच पळताय. सराव कधी करणार?"

तिथं डोक्यात उजेड पडला. आपण उसाला नत्र एकदम टाकतो का? लागणीला 10 टक्के, दीड-दोन महिन्यांनी 40, तीन-चार महिन्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला 40. सगळं एकदम टाकलं तर पिकाला थोडं लागतं, बाकीचं वाया जातं. आणि पाणी दिल्यावर वाफसा येईपर्यंत रानात पाय घालत नाही, कारण मुळाला हवा लागते. पिकाला कळतं ते मी अंगाला देत नव्हतो.

तिसऱ्या वर्षी आठवड्यात चारच दिवस पळालो. दोन दिवस सोबत्याशी बोलता येईल इतकंच हळू. एक दिवस खिंडीच्या चढावर जोर. रविवारी लांब पल्ला, तोही हळू, 8 किलोमीटरपासून वाढवत 18 पर्यंत. दर चौथ्या आठवड्याला पल्ला कमी. रात्री पाणी पाजलं की सकाळी सुट्टी, तो माझा वाफसा. सुरुवातीला लाज वाटायची, पोरं पुढं जायची. पण नडगी दुखली नाही.

यंदा घाटात चढाला सगळे पुढं गेले, मी दम राखला. उताराला दरवर्षी मांड्या भरून यायच्या, यंदा पाय चालत राहिले. 2 तास 28 मिनिटं. पहिल्यापेक्षा तेरा कमी.

आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शेतकऱ्याचाच पोरगा. 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 2018 साली त्यानं 8 मिनिटं 29.80 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. 2024 साली तो 8:09.91 वर आणला. वीस सेकंद कमी करायला सहा वर्षं! एवढ्या मोठ्या गड्याला हप्त्याहप्त्यानंच मिळतं, तर आपली काय घाई?

साखर आता 5.8 आहे. सगळं श्रेय पळण्याला देत नाही, चहातली साखर आणि रात्रीचा भातही कमी केलाय. पण चाळिशी-पन्नाशीतल्या मंडळींनो, माती परीक्षण करतो तसं रक्तही एकदा तपासून घ्या. आणि पळायचं ठरवलंच, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि हळू पळा.

उद्या आल्याच्या भरणीची नोंद टाकतो. सकाळी सुट्टी आहे, आज रात्रीची लाइट आहे.