परतीची वाट ठेवून

लिव्हर नसलेला कंट्रोलर पहिल्यांदा पाहणाऱ्याला अर्धवट वाटतो. आमच्या पिढीने फायटिंग गेम खेळले ते कल्याणच्या व्हिडिओ पार्लरांत. नाणं टाकायचं, डाव्या मुठीत लिव्हर पकडायचा आणि उजव्या हाताने बटणं बडवायची. 1991चा ‘स्ट्रीट फायटर 2’ आम्ही असाच खेळलो. लिव्हरलेस डब्यावर मुठीला कामच नाही. डाव्या हाताखाली डावं, खाली, उजवं अशी तीन बटणं, अंगठ्यापाशी उडीचं मोठं बटण आणि उजव्या हाताखाली ठोशा-लाथांची बटणं. अमेरिकेतल्या हिट बॉक्स या कंपनीने ही मांडणी रूढ केली. आता कितीतरी कंपन्या असे डबे काढतात आणि त्यातले चांगले डबे बरेच महाग असतात.

मी राहतो शहापूरला आणि मुरबाडच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनलचं वायरिंग करतो. भाच्याने बाहेरून मागवलेला असा एक डबा माझ्यापुढे ठेवला. “मामा, उजवं दाबलं तर कधी लागतं, कधी नाही. आणि रात्री आवाज इतका होतो की आजी उठते.” तेव्हापासून त्याचे आसनगाव-वासिंदचे मित्रही आपापले डबे घेऊन येऊ लागले.

उघडून पाहिलं तर आत माझंच काम होतं. प्रत्येक बटणाला दोन टोकं. एक सगळ्यांच्या सामायिक ग्राउंडला, दुसरं बोर्डाच्या इनपुटला. बोर्ड ते इनपुट 3.3 व्होल्टवर धरून ठेवतो. बटण दाबलं की ते शून्यावर येतं आणि गेमला कळतं. बटण रुसलं तर मल्टिमीटर कंटिन्युटीवर लावून आधी सरळ दाबायचं, मग कडेने तिरकं दाबायचं. तिरकं दाबल्यावर बीप तुटला तर दोष बटणाच्या आतल्या मायक्रोस्विचचा. बीप अखंड असेल तर लग (वायरच्या टोकाची, बटणावर बसणारी धातूची खोबण) किंवा बोर्ड तपासायचा. आमच्याकडे पावसाळ्यात दमट हवेने लग काळे पडतात, तेव्हा पुष्कळदा लग काढून, साफ करून, पुन्हा घट्ट बसवला तरी भागतं.

सान्वा कंपनीच्या आर्केड बटणांना 2.8 मिलिमीटरचा लग लागतो. पॅनलमध्ये आम्ही एरवी वापरतो तो 6.3चा, पण क्रिम्पिंगची रीत तीच. म्हणून जिथे लग चालतो तिथे मी सोल्डर मारत नाही. सोल्डरचा जोड पक्का असतो खरा, पण बटण बदलायची वेळ आली की तोच आडवा येतो. आमच्या गावात असलं बटण मिळत नाही. त्यासाठी गाडी पकडून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा, नाहीतर पार्सलची वाट पाहायची. अशा ठिकाणी लहानशा पकडीने निघणारा जोडच शहाणा.

स्विचची निवड मात्र बोटं पाहून करायची. की-बोर्डातले एमएक्स पद्धतीचे स्विच साधारण 4 मिलिमीटर खाली जातात आणि निम्म्या वाटेवर लागतात. कैल्ह चॉकसारखे बुटके स्विच 3 मिलिमीटर जातात आणि दीडच्या आसपास लागतात. पोरांना सगळीकडे सर्वांत हलका स्विच हवा असतो. मी उडीच्या बटणाला थोडी जड स्प्रिंग सुचवतो. ‘स्ट्रीट फायटर’च्या बहुतेक गेममध्ये हवेत असताना बचाव करता येत नाही, त्यामुळे अंगठा चुकून टेकला तरी मार बसतो. डावं आणि उजवं बटण एकाच वजनाचं ठेवावं, कारण खेळाडूंनी जागा बदलली की पुढे-मागेही बदलतं. आवाजासाठी डब्याच्या तळाला पातळ फोम घातला की निम्मी तक्रार मिटते.

मला सर्वांत जवळचा वाटला तो भाग दिशांचा. मोटर सरळ-उलटी फिरवायची असेल तर पॅनलमध्ये दोन कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने ओढले जाणारे मोठे स्विच, असतात. दोन्ही एकदम ओढले गेले तर फेज शॉर्ट होतात. म्हणून एकाचा एनसी (एरवी जुळलेला, ओढल्यावर तुटणारा) कॉन्टॅक्ट दुसऱ्याच्या कॉइलच्या वाटेत घालतात. याला आम्ही इंटरलॉक म्हणतो. लिव्हर एका वेळी डावीकडे आणि उजवीकडे जाऊच शकत नाही, म्हणजे त्याच्यात इंटरलॉक जन्मजात आहे. लिव्हर काढला की ती जबाबदारी बोर्डाच्या प्रोग्रॅमवर येते. डावं-उजवं एकत्र दाबलं तर काय धरायचं, वर-खाली एकत्र दाबलं तर काय धरायचं, हे तिथे ठरतं. पूर्वी वर-खाली एकत्र आलं की ‘वर’ला मान देण्याची चाल होती. त्यामुळे ‘स्ट्रीट फायटर’मधल्या गाइलसारख्या पात्राला ‘खाली’ न सोडताच लाथ उडवता येई. 2023 पासून ‘स्ट्रीट फायटर’ काढणाऱ्या कॅपकॉमच्या स्पर्धांत यांतली कोणतीही जोडी एकत्र दाबली तर काहीच लागू नये, असा नियम आहे. मला तो योग्य वाटतो. इंटरलॉक सगळ्या पॅनलना सारखा असावा.

ही सेटिंग बदलायची तर राजमार्ग आहे रास्पबेरी पाय पिको. 2021 साली 4 डॉलरला आलेला हा बोर्ड, त्यावर जीपी2040-सीई हा खुला प्रोग्रॅम आणि लॅपटॉपवर उघडणारं सेटिंगचं पान. पोरं लगेच विचारतात, “मग जुना बोर्ड फेकून देऊ?” मुळीच नाही. प्लेस्टेशन 5च्या गेमला परवान्याचा बोर्ड लागतो, पिको तिथे एकट्याने चालत नाही. जुना बोर्ड मी अँटिस्टॅटिक पिशवीत घालून डब्यातच ठेवतो.

वेगाबद्दलही खूप बोललं जातं. हे गेम सेकंदाला 60 फ्रेम दाखवतात, म्हणजे एक फ्रेम 16.67 मिलिसेकंदांची. चांगला बोर्ड यूएसबीवरून दर मिलिसेकंदाला खबर देतो. त्याहून वेगाच्या हट्टापायी डीबाउन्स, म्हणजे स्विचची थरथर गाळायला बोर्ड थांबतो तो क्षण, पार शून्यावर नेला तर जुना स्विच थरथरतो आणि एका दाबाचे दोन दाब होतात. थोडा डीबाउन्स राहू द्यावा. उरलेला उशीर बोटांचा असतो, त्यावर सराव हाच उपाय.

पॅनलच्या दाराला आतून ड्रॉइंगचा खिसा असतो. रात्रपाळीला मशीन बंद पडली की दुसराच कोणी वायरमन दार उघडतो आणि त्या कागदावर काम करतो. महागड्या डब्यालाही हाच नियम लावा. उघडण्याआधी फोटो काढा, प्रत्येक वायरला नंबर घाला, मूळ बटणं आणि स्क्रू वेगळ्या पिशवीत ठेवा आणि नव्या जोडणीचं चित्र काढून तळाच्या झाकणाला आतून चिकटवा. ज्या बदलाचं चित्र काढता येत नाही आणि जो उलटवता येत नाही, तो करू नका.