आधी निदान, मग पाना

जुना ट्रॅक्टर धूर टाकू लागला की गावात दोन सल्ले फुकट मिळतात. एक, इंजिन बांधून घ्या. दोन, विकून मोकळे व्हा. हे सल्ले देणाऱ्यांपैकी कितींनी इंजिनला हात लावलेला असतो? आपल्या लोकांची किती अवजारे, किती पैसा आणि किती हंगाम अशा अंदाजपंचे सल्ल्यांनी खाल्ले, याचा हिशेब कुणी मांडत नाही. म्हणून हा लेख.

आम्ही पाच घरांनी मिळून चार वर्षांपूर्वी १८ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा जुना मिनी ट्रॅक्टर घेतला. पाचही घरांची जमीन मिळून अकरा एकर. आमची मशागत झाली की तो भाड्याने कपाशीच्या ओळीत, फळबागेत चालतो. त्यावरच त्याचा खर्च निघतो. यंदा रब्बीच्या पेरणीला पंधरा दिवस उरले आणि तो बिघडला. सकाळी सुरू व्हायला वेळ, सुरू झाला की पांढरा धूर आणि थरथर, रोटाव्हेटर टेकवला की दम सोडायचा. तालुक्याच्या एका मेकॅनिकने दोन मिनिटे आवाज ऐकला आणि निकाल दिला, "रिंगा गेल्या. बोअर-पिस्टन टाकावे लागेल. ४०,००० धरा." दुसऱ्याच दिवशी एक दलाल भंगाराच्या भावाने मागणी घालायला हजर. बातमी किती लवकर पोहोचते बघा!

आम्ही एवढेच विचारले की, रिंगा गेल्या याला पुरावा काय? दाब कमी पडतो हे खरे. पण सिलिंडरमधला दाब निसटायला मुख्य वाटा तीन : रिंगांवरून खाली, व्हॉल्व्हमधून बाहेर, किंवा हेड गॅस्केटमधून. जड स्टार्टिंग आणि कमी ताकद ही लक्षणे तिन्हीत दिसतात. मग न तपासता सगळ्यात महागडे कारणच कसे सापडते?

आमच्या गटातल्या एका ताईने आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केला आहे. तपासणी तिने सांगितलेल्या क्रमाने झाली. क्रमाचा नियम सोपा : जिला खर्च नाही आणि काही उघडावे लागत नाही, ती तपासणी आधी.

पहिली तपासणी, कोणता सिलिंडर काम करत नाही? इंजिन सावकाश चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट थोडा सैल करायचा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन लगेच बसते. पहिल्या आणि तिसऱ्याला ते बसले, दुसऱ्याला काहीच फरक नाही. (हे करताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि हात फवाऱ्यापासून लांब; दाबातले डिझेल कातडीत घुसते.) मग दुसऱ्याचे नोजल तिसऱ्यात आणि तिसऱ्याचे दुसऱ्यात टाकले. दोष नोजलबरोबर तिसऱ्यात गेला नाही, दुसऱ्यातच राहिला. म्हणजे नोजल निर्दोष.

पुढे टॅपेट कव्हर उघडले. आमच्या इंजिनच्या पुस्तकात थंड इंजिनला टॅपेटची फट ०.२५ मिमी दिली आहे. फिलर गेज घालून पाहिले तर बाकी पाच ठिकाणी फट थोडी कमी-जास्त. दुसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला मात्र पत्ती आतच जाईना. फट शून्य.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. टॅपेट टिकटिक करू लागला की आपण घाबरतो. फट वाढलेली असते म्हणून तो वाजतो, आणि वाजतो म्हणून कुणीतरी लक्ष देते. पण सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि फट कमी होत जाते. टॅपेट गप्प होतो. लोक म्हणतात, इंजिन काय शांत चालते! आत मात्र व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतांश उष्णता सीटला टेकल्यावरच हेडमध्ये उतरते. टेकणेच बंद झाले की ती उतरायची कुठे? फटीतून जळता वायू सुसाट जातो आणि व्हॉल्व्हची कड खाऊन टाकतो.

फट पुन्हा ०.२५ केली. व्हॉल्व्हची कड शाबूत असती तर काम तिथेच संपले असते. तसे झाले नाही म्हणून दाब मोजला : पहिला २८ किलो, दुसरा १६, तिसरा २७. दुसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजला. डिझेल इंजिनात यापेक्षा जास्त ऑइल ओतू नये, पिस्टन अडकून रॉड वाकू शकतो. रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलने फट बुजून दाब एकदम वाढला असता. तो १७ वरच राहिला. मेकॅनिकचा निकाल इथे खोटा ठरला.

शेवटी दुसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले ठेवून, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा आत सोडली. एअर क्लिनरमध्ये फुसफुस आली तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. आमची हवा सायलेन्सरमधून निघाली.

आता हेड उतरवायला कारण होते. उतरवले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला गव्हाच्या दाण्याएवढी खाच, सीटवर खड्डे. व्हॉल्व्ह नवीन घेतला. गाईडमध्ये तो डुलतो का पाहिले. गाईड ठीक होते. सीट वर्कशॉपमधून कापून आणली. मग पेस्ट लावून व्हॉल्व्ह हाताने घासला, सीटवर सलग करडी रेघ उमटेपर्यंत. पेस्टचा कण राहिला तर तो इंजिन खातो, म्हणून हेड दोनदा धुतले. पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठेवले, थेंबही झिरपला नाही. हेड सपाट आहे का ते पट्टी आणि फिलर गेजने तपासले, नवीन गॅस्केट टाकले, बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने आवळले. टॅपेट लावले, डिझेलची हवा काढली. दुसऱ्या सिलिंडरचा दाब २७ आला. एकूण खर्च ६,२००. पेरणी वेळेत झाली.

१९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत परवडते की नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्या जमिनीला श्रम, भांडवल आणि अवजारे किती प्रमाणात मिळतात यावर ठरते, अशी त्यांची मांडणी आहे. अवजारे इतकी अपुरी की त्या मानाने आहे ती शेतेही मोठीच, इथवर ते जातात. अकरा एकरांत पाच घरे जगवणाऱ्या आम्हाला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. आमचे अवजार बंद पडले की आमची जमीन तेवढी निकामी होते.

आज अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर देण्याची शासनाची योजना आहे. ती हवीच. पण ट्रॅक्टर मिळाला म्हणजे त्याचे ज्ञान मिळाले असे होत नाही. ज्ञान दुसऱ्याच्या हातात राहिले तर मालकी कागदावर आपली आणि निर्णय मात्र मेकॅनिकचा आणि दलालाचा. पहिल्या मोठ्या दुरुस्तीला घाबरून गटाने ट्रॅक्टर विकला, तर अनुदान कुणाच्या पदरात पडले?

म्हणून प्रत्येक गटाला आमची विनंती आहे. एक फिलर गेज आणि एक वही घ्या. पुस्तकात सांगितलेल्या तासांनी टॅपेट तपासा आणि प्रत्येक व्हॉल्व्हची फट तारखेसह लिहा. फट सारखी कमी होत असेल तर तोच व्हॉल्व्ह पुढे जळणार आहे. गटातल्या एका तरी मुलीला किंवा मुलाला डिझेल मेकॅनिकच्या ट्रेडला घाला. आणि कुणी न तपासता निकाल दिला तर त्याला शांतपणे विचारा, "कशावरून?" आमची वही पाहायची असेल तर या. आमच्या हेडचे बोल्ट आणि टॅपेट वीस तास चालल्यावर पुन्हा तपासायचे आहेत, तेव्हा पाना तुमच्याच हातात देऊ.

जय भीम!