हिरवी, ढगळ आणि मानी

ऑस्ट्रेलियाच्या कसोटी संघाची हिरवी टोपी तुम्ही टीव्हीवर किती तरी वेळा पाहिली असेल, पण तिची ओळख झालेली नसणार. मैदानावर ती कुणाच्या तरी डोक्यावर असते आणि आपलं लक्ष त्या डोक्याकडे. तिला भेटायचं तर लिलावात. तिथं ती काचेखाली एकटी बसलेली असते, शेजारी लॉट नंबरची चिठ्ठी. आसपास खेळाडूंचे ब्लेझर, सह्यांच्या बॅटी, चांदीचे कप असा सगळा थाटमाट मांडलेला असतो, आणि तरी खोलीत दरारा हिचाच.

रूप म्हणाल तर साधंच. गडद हिरवी लोकर, वरचा भाग ढगळ, कपाळावर एक छोटी कड. ‘बॅगी ग्रीन’ हे तिचं लाडकं नाव त्या ढगळपणामुळेच पडलं. जन्मापासून ती अशी नव्हती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती डोक्याला घट्ट बसायची. २००० सालच्या जानेवारीत सिडनीला भारताविरुद्ध कसोटी झाली, तेव्हा स्टीव्ह वॉच्या संघानं मुद्दाम तसल्या जुन्या घाटाच्या टोप्या घातल्या होत्या. सचिन तेंडुलकर आपला कर्णधार होता. तो सामना ज्यांनी पहाटे उठून पाहिला त्यांना त्या चपट्या टोप्या आठवत असतील.

हट्टी तर इतकी की विचारू नका. तिच्या कपाळावर कांगारू आणि एमू आहेत, त्यांच्यामध्ये एक ढाल. बघणाऱ्याला वाटतं, हे ऑस्ट्रेलियाचं राजचिन्ह. तसं नाही. देशाला अधिकृत राजचिन्ह पहिल्यांदा १९०८ मध्ये मिळालं, पुढं ते बदललंही. हिनं आपलं त्याआधीचं जुनं चिन्ह काही सोडलं नाही. सरकार बदललं, चिन्ह बदललं, ही आपली तशीच.

नीटनेटकेपणाचं तिला वावडं आहे. जुनी नाणी, तिकिटं, क्रिकेटची कार्डं यांच्या बाजारात एक ओरखडा दिसला की किंमत उतरते. हिच्याकडे घामाचे पांढरे वण, उन्हानं विटलेला रंग, विजयाच्या रात्री सांडलेली बिअर हे सगळं अंगावरच्या दागिन्यांत धरलं जातं. स्टीव्ह वॉ १६८ कसोट्या खेळला आणि जवळजवळ सगळी कारकीर्द त्यानं एकाच टोपीत काढली. शेवटी शेवटी तिची कड उसवून लोंबत होती, रंग हिरवा आहे की मातकट हे सांगता येत नव्हतं, पण ती बदलायला तो तयार नव्हता. नवी कोरी टोपी लिलावात आली, तर जाणकार तिच्याकडे संशयानंच पाहतो. कोरी आहे म्हणजे खेळलेली नाही, आणि खेळलेली नाही म्हणजे तिच्यात घेण्यासारखं उरलं काय?

मात्र एका शत्रूपुढे तिचा सगळा मान गळून पडतो. लोकरच ती, तिला कसर लागते. टोपी हातात मिळाली तर आधी उजेडाकडे धरून पाहावी. कापडात टाचणीएवढी भोकं दिसली की समजावं, ही कुठल्या तरी कपाटात डांबरगोळ्यांशिवाय बरीच वर्षं पडून होती. मग ती उलटी करावी. आतली घामाची पट्टी, अस्तराची शिवण, शिवणाऱ्याचं लेबल, शाईनं लिहिलेलं नाव. बाहेरून ती कुणाचीही असू शकते. ती कुणाची होती हे आतूनच कळतं. चाहत्यांसाठी केलेल्या नकला बाजारात भरपूर आहेत आणि वरवर त्या चांगल्या असतात, म्हणून हे आतलं पाहणं टाळू नये.

वंशावळीच्या बाबतीत ती एखाद्या जुन्या घराण्यातल्या आजीसारखी आहे: तुम्ही कुणाचे कोण, हे आधी सांगा. खेळाडूनं कुणाला दिली, त्यानं कुणाला, मधल्या वर्षांत ती कुठं होती, सोबत पत्र आहे का, तीच टोपी डोक्यावर असलेला फोटो आहे का? या साखळीतला एक दुवा निसटला की बोली अडखळते. माझं प्रामाणिक मत असं की लिलावात पैसे मोजले जातात ते या साखळीचे. कापड मीटरभरही नसतं.

तिचा सगळ्यात विलक्षण गुण म्हणजे ज्यांनी तिची पर्वा केली नाही, त्यांच्यावर तिचा जास्त जीव. पूर्वी खेळाडूंना एकच टोपी जन्मभर पुरवायची नसे; नवी मालिका, नवा दौरा, नवी टोपी. त्यामुळे तिचं कौतुकही फारसं नव्हतं. इयान चॅपेलकडे म्हणे आज एकही उरलेली नाही आणि त्याला त्याचं काही वाटतही नाही. बिल लॉरीनं आपली कबुतरांचा खुराडा साफ करायला वापरली, ही गोष्ट ऑस्ट्रेलियात आवडीनं सांगतात. तिच्याभोवतीचा आजचा सोवळेपणा मार्क टेलर आणि स्टीव्ह वॉ यांच्या काळात आला. क्षेत्ररक्षणाच्या पहिल्या सत्रात सगळ्यांनी तीच घालायची, नव्या खेळाडूला ती जुन्या खेळाडूच्या हातून द्यायची, अशा रीती तेव्हा रुजल्या. या सोवळ्याचा बाजारावर सरळ परिणाम झाला आहे. आताचा खेळाडू एकच टोपी जिवापाड जपतो, म्हणून आताच्यांच्या टोप्या लिलावात क्वचित दिसतात.

शेन वॉर्नला हा सोवळेपणा मानवत नव्हता. त्याला आवडायची ती पांढरी, रुंद काठाची मऊ हॅट. देशप्रेम सिद्ध करायला टोपी लागत नाही, असं तो उघड म्हणायचा. आणि हिनं काय केलं? २०२० च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात वणवे पेटले होते, तेव्हा त्यांतल्या पीडितांसाठी वॉर्ननं आपली टोपी लिलावात काढली. पिकल्स नावाच्या, एरवी मोटारगाड्यांचे लिलाव करणाऱ्या कंपनीनं ती ऑनलाइन मांडली. ब्रॅडमनच्या टोपीचा २००३ सालचा ४,२५,००० ऑस्ट्रेलियन डॉलरचा विक्रम तिनं सहज मागं टाकला आणि १०,०७,५०० डॉलरवर जाऊन थांबली. कॉमनवेल्थ बँकेनं ती घेतली. सगळे पैसे वणव्याच्या मदतीला गेले. ज्यानं तिला कधी मिरवलं नाही, त्याच्या शब्दाखातर तिनं आपल्या साऱ्या बहिणींत सगळ्यात मोठं दान केलं.

त्याच वर्षी, करोनाच्या मदतीसाठी, पाकिस्तानच्या अझहर अलीनं दुबईतल्या ३०२ धावांच्या खेळीची बॅट विकायला काढली. ती घेतली पुण्यातल्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ संग्रहालयानं, दहा लाख पाकिस्तानी रुपयांना. खेळातल्या वस्तूंना सीमा ओलांडताना फारसे कष्ट पडत नाहीत, ते असे.

यशापयशाकडे ती मालकापेक्षा शांतपणे पाहते. ब्रॅडमनचं पदार्पण १९२८ मध्ये ब्रिस्बेनला झालं. धावा १८ आणि १. पुढच्या कसोटीत त्याला वगळलं. त्या मोसमातली त्याची टोपी २०२० च्या डिसेंबरमध्ये ४,५०,००० डॉलरना गेली. घेणारे पीटर फ्रीडमन, मायक्रोफोनच्या धंद्यातले. कर्ट कोबेनची गिटार साठ लाख अमेरिकी डॉलरना घेणारेही तेच. अपयशाची खूण इतकी मौल्यवान ठरते, कारण पुढं काय झालं हे आपल्याला ठाऊक आहे. टोपीला ते तेव्हा ठाऊक नव्हतं, तरी ती त्याच्या डोक्यावर होती.

हातोडा पडताना ऐकू येतो तो आकडा खरा मानू नका, एवढं मात्र नवख्यानं गाठीला बांधावं. ब्रॅडमनच्या १९४७-४८ सालच्या मालिकेतली टोपी २०२४ च्या डिसेंबरमध्ये सिडनीत बोनहॅम्सनं विकली. बोली दहाएक मिनिटं चालली. हातोडा पडला ३,९०,००० डॉलरवर. लिलावघराची फी वगैरे धरून घेणाऱ्याला मोजावे लागले ४,७९,७००. म्हणजे बोलीवर जवळपास पावपट बोजा. छोट्या गावच्या लिलावातही तत्त्व तेच असतं. मनाशी जो कमाल आकडा ठरवायचा, तो हा बोजा धरूनच ठरवावा.

ती टोपी चांगल्या अवस्थेत मुळीच नव्हती. ऊन लागून विटलेली, किड्यांनी कुरतडलेली, कड फाटकी. तरीही त्या मोसमातली ज्ञात असलेली एकुलती एक म्हणून तिचा बोलबाला झाला. आणि इथं टोपीबाईंचा आणखी एक खोडकर गुण दिसतो: ‘एकुलती एक’ म्हटलं की त्यांना राहवत नाही. पुरते चौदा महिने झाले नाहीत तोच त्याच मोसमातली दुसरी पुढं आली, आणि तीही एका मराठी घरातून.

स्वातंत्र्यानंतरचा भारताचा तो पहिलाच परदेश दौरा. लाला अमरनाथ कर्णधार. आपण मालिका ४-० अशी हरलो. ब्रॅडमनची मायदेशातली ती शेवटची मालिका, आणि त्यानं सहा डावांत ७१५ धावा कुटल्या. ॲडलेडला विजय हजारेंनी दोन्ही डावांत शतकं काढून आपली लाज राखली, त्याच कसोटीत दत्तू फडकरनंही शतक केलं. या दौऱ्यात ब्रॅडमननं निदान दोन टोप्या भारतीय संघातल्या माणसांना दिल्या. एक संघाचे व्यवस्थापक पंकज गुप्ता यांना, तीच पुढं बोनहॅम्समध्ये पोचली. दुसरी रंगा सोहोनींना.

सोहोनी म्हणजे दि. ब. देवधरांच्या रणजी करंडक जिंकणाऱ्या महाराष्ट्र संघातले मध्यमगती गोलंदाज आणि उपयुक्त फलंदाज. चार कसोट्या त्यांच्या वाट्याला आल्या, त्यांतली एक या दौऱ्यात. ब्रॅडमनसारख्यानं ज्याला टोपी द्यावी असा हा खेळाडू आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? टोपीनं त्यांचं नाव पंचाहत्तर वर्षं अस्तरात जपलं: आत ब्रॅडमनचं नाव, सोबत सोहोनींचं. घरातली शिस्तही तिला शोभेल अशीच होती. लिलाववाल्यांनी सांगितलं त्याप्रमाणे, टोपी कुलपात असे. घरातलं मूल सोळा वर्षांचं झालं की त्याला ती बघायला मिळे, तीही पाच मिनिटं. २०२६ च्या जानेवारीत गोल्ड कोस्टला लॉइड्सच्या लिलावात ती साडेचार लाख डॉलरच्या वर गेली.

नीट पाहिलं तर या सगळ्या महागड्या टोप्यांमध्ये एक गोष्ट समान सापडते. गुप्तांची टोपी, सोहोनींची टोपी: ब्रॅडमननं त्यांचा एक पैसा घेतलेला नाही. वॉर्ननं आपली काढली ती दुसऱ्यांसाठी. जी लाखांत जाते ती आधी कुणीतरी प्रेमानं देऊन टाकलेली असते. मानी बाईच ती. विकायला म्हणून ठेवलेलीचा तिथं निभाव लागत नाही.

आणि हरवायलाही तिला आवडतं. २०२४ च्या सुरुवातीला डेव्हिड वॉर्नर आपली शेवटची कसोटी खेळायला सिडनीला आला आणि टोप्या ठेवलेली बॅगच गायब. त्यानं कळकळीचं आवाहन केलं, पाकिस्तानच्या कर्णधारानं देशभर शोध घ्या म्हटलं. कसोटी संपता संपता बॅग संघाच्याच हॉटेलात सापडली.

तुम्हाला तिला घरी आणायचं असेल, तर ब्रॅडमन-वॉर्नच्या नादी लागू नका. ऑस्ट्रेलियातल्या गावोगावच्या लिलावांत एकदोन कसोट्या खेळलेल्यांचे स्वेटर, ब्लेझर, राज्याच्या संघांच्या टोप्या आणि अधूनमधून एखादी अस्सल हिरवीही येते. खोलीत बोली लावणारे मोजके, फोनवर एकदोन. माझ्या लेखी खरी खरेदी तीच. एकच कसोटी खेळलेल्या माणसाच्या टोपीत त्याचं सगळं क्रिकेट असतं, आणि तिच्यामागची कागदपत्रंही बहुतेक वेळा जास्त सरळ असतात, कारण ती आजवर एकाच घरात राहिलेली असते.

सोहोनींची टोपी महाराष्ट्रात राहायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. विकणाऱ्या घराला दोष नाही. तीन पिढ्या त्यांनी ती सांभाळली, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण अझहर अलीची बॅट पुण्याला येऊ शकते, तर देवधरांच्या संघातल्या माणसाला मिळालेली टोपीही येऊ शकते. अशा वस्तू दहा-वीस वर्षांनी पुन्हा लिलावात येतात. बोनहॅम्सची ती टोपी २००३ मध्येही एकदा विकली गेली होती, मग २०१० पासून बाउरलच्या ब्रॅडमन संग्रहालयात उसनी राहिली आणि तिथून पुन्हा बाजारात आली. सोहोनींची येईल तेव्हा पुण्या-मुंबईतून कुणीतरी बोली लावावी, आणि वरचा तो पावपट बोजा आधीच बाजूला काढून ठेवावा.