घर पाहायला येणार आहेत!

मुलगी दाखवण्याचे दिवस सरत आले असले, तरी घर दाखवण्याचे दिवस आता कुठे भरात आले आहेत. पूर्वी घर विकायचे म्हणजे कुलूप काढायचे, चार भिंती दाखवायच्या आणि भावाची बोलणी करायची. आता विकायच्या घराला न्हाऊमाखू घालून, नटवून पाहुण्यांसमोर उभे करावे लागते. अमेरिकेत या साजशृंगाराचे 'होम स्टेजिंग' या नावाने शास्त्रच झाले आहे. १९७० नंतरच्या दशकात बार्ब श्वार्झ नावाच्या बाईंनी ते तिकडे रूढ केले. घर विकायला काढले की ती राहण्याची जागा उरत नाही, तो रंगमंच होतो, हे या शास्त्राचे पहिले सूत्र.

मला ते शिकवले आमच्या दलालाने. सदाशिव पेठेतला तिसऱ्या मजल्यावरचा, बिनलिफ्टचा फ्लॅट वडिलांनी १९८३ साली घेतला. वडील गेले, आईचे गुडघे जिन्याला दाद देईनात, आणि लिफ्टच्या घरात जाण्यासाठी हा विकणे भाग पडले. दलाल तसा पोरसवदा. पण नाडी पाहायला आलेल्या वैद्याच्या गांभीर्याने घरभर फिरला.

"सर, सामान निम्मे कमी करा. जमीन जेवढी दिसेल तेवढी खोली मोठी वाटते. पडदे पांढरे लावा. दिवसासुद्धा सगळे दिवे चालू ठेवा. गळका नळ आधी दुरुस्त करा; नळ गळताना दिसला की माणूस न दिसलेले दहा दोष मनात धरतो. आणि पाहुणे यायच्या आधी तासभर फोडणी नको."

"आणि देव?" हिने विचारले.

"देव राहू द्या, मॅडम. देवघर सगळ्यांना आवडते. भिंतीवरचे फोटो तेवढे काढा."

"फोटोंनी काय केले रे?" आई म्हणाली.

"आजी, फोटो दिसले की घर तुमचे वाटते. ते त्यांचे वाटायला हवे."

मी चमकलो. वीस वर्षे मी वर्गात निराळे काय सांगत आलो आहे? लेखकाने सगळेच सांगून टाकले तर वाचकाला गोष्टीत शिरायला जागा उरत नाही. घराचेही तेच. गिऱ्हाईक खोली पाहत नसते. त्या खोलीत आपला पलंग, आपला मुलगा, आपली दिवाळी पाहत असते. आमच्या संसाराने ती जागा अडवून धरली होती.

मग काय! सुतळीने बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे भावाकडे गेले. औषधाच्या बाटल्या, कॅलेंडरे, वडिलांची तसबीर कपाटात गेली. हॉलमधला झोपाळासुद्धा कड्यांतून उतरवून माळ्यावर चढवला. रात्री आई त्या लख्ख हॉलमध्ये बसली आणि हळूच म्हणाली, "आपण कुणाकडे राहायला आलो आहोत रे?"

स्वयंपाकघराची भिंत तेवढी राहिली. पावसाळ्यात तिला ओल येते. दलाल म्हणाला, "उन्हाळा आहे, सर. रंगाचा एक हात मारू. कळायचे नाही."

"आषाढात कळेल," आई म्हणाली. "आणि ते मला शिव्या देतील. या घरातून मी शिव्या घेऊन जाणार नाही."

कायदाही आईच्याच बाजूचा आहे. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम म्हणते. फोटो काढणे निराळे आणि ओल झाकणे निराळे. पहिल्यात आपण पाहुण्याला बसायला जागा करून देतो. दुसऱ्यात त्याच्या बसण्याखालचा पाट काढून घेतो.

पाचवे कुटुंब आले, त्यांना मी ती भिंत स्वतः दाखवली. गृहस्थांचा चेहरा उतरला. ते मनातल्या मनात वजाबाकी करू लागले. दलालाने माझ्याकडे असे पाहिले, की जणू नायकाने पहिल्याच अंकात खुनी कोण ते सांगून टाकले आहे! तेवढ्यात त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी हॉलमधून ओरडली, "बाबा, इथे झोपाळा टांगता येईल!"

छतातल्या चार कड्या काढायला दलाल विसरला होता.

"येतो हो, बाळ," आई म्हणाली. "कड्या अगदी पक्क्या आहेत."

व्यवहार तिथेच ठरला. ओलीपायी किंमत दलालाच्या आकड्यापेक्षा थोडी कमी आली, तेव्हा तो हळहळला. आई हळहळली नाही. फोटो नव्या घरी भिंतीवर लागले. माळ्यावरचा झोपाळा मात्र आम्ही खाली आणलाच नाही. आईने तो त्या मुलीला देऊन टाकला, आणि करारातल्या सामानाच्या यादीत त्याची किंमत लिहू दिली नाही.